गोठ्यातलं थिनर

जालन्याच्या एमआयडीसीत पेरणीयंत्रं बनवणाऱ्या एका शेडमध्ये मी रंगकाम करतो. नव्या माणसाला थिनर कसं हाताळायचं हे शिकवणंही माझ्याकडेच. शिकवताना माझा आवाज चढतो, असं सगळे म्हणतात. थिनर रंग पातळ करतं, वाळलेला रंग सोडवतं, ग्रीस काढतं. त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही. म्हणूनच माणूस त्याला पाणी समजू लागतो. तळहातावर गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते, दिसत नाही, आणि ज्योत मिळाली की भडकते. तेव्हा हातात मोजे, खिडक्या उघड्या, डब्याला झाकण, भिजल्या चिंध्या झाकणाच्या पिंपात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा निरांजन लावण्याआधी थिनरचे डबे बाहेर काढायला लावणारा मीच. "देवापेक्षा थिनरला जास्त भेता तुम्ही," म्हणून सोबतचे चेष्टाही करतात.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला मी जाफराबादकडे गावी गेलो, तेव्हा बाटलीभर थिनर सोबत नेलं. बैलांच्या शिंगांवर आदल्या वर्षीचा ऑइलपेंट घट्ट बसलेला असतो. वडील तो काचेच्या तुकड्यानं खरवडत बसायचे. मला शहाणपण दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. बाहेर पावसाची भुरभुर होती म्हणून गोठ्याचं दार लोटून घेतलं, थिनर एका वाडग्यात ओतलं आणि चिंधीनं दोन्ही बैलांची शिंगं पुसून काढली.

"लई जल्दी झालं की," वडील खूश होऊन म्हणाले. चिंधी मी तिथंच जमिनीवर टाकली. वाडगा उघडाच होता.

तेवढ्यात आई ओवाळायचं ताट घेऊन आली. आधी बैलाचे पाय धुवायचे असतात. ते धुवायला तिनं पेटत्या निरांजनाचं ताट खाली जमिनीवर ठेवलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, बघत होतो. देवाच्या दिव्याला घरात कुणी आग म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

भप्पकन जाळ झाला. मी आईला ओढून बाजूला केलं आणि ओलं पोतं टाकून आग दाबली. वडिलांनी विळ्यानं कासरा कापला. आईच्या पदराची कड तेवढी जळाली, पण अलीकडच्या बैलाचे पुढचे दोन्ही पाय आणि तोंड भाजलं. त्याचा तो हंबरडा मला अजून ऐकू येतो. डॉक्टर दोन महिने मलमपट्टीला येत होते. बैल वाचला, पण एक पाय जायबंदी झाला आणि पुन्हा जुवाखाली आला नाही.

"माझ्या हातून घडलं," आई म्हणाली. ताट खाली ठेवलं म्हणून देव कोपला, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं सोमवार धरले. थिनर असं पेटतं हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मी दर सुट्टीला घरी जायचो, नंतर सांगू म्हणत राहिलो, आणि इकडे शेडमध्ये नव्या माणसांना चिंध्या कुठं टाकायच्या ते दरडावून सांगत राहिलो. लाज वाटायची, पण जीभ उचलायची नाही.

पुढच्या पोळ्याला तिनं ताट सजवलं आणि शेजारच्या काकूंच्या हातात दिलं. "माझा हात न्हाई चांगला, तुम्ही ओवाळा," म्हणाली. बैल लंगडत पुढे आला. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

मग मात्र राहवलं नाही. काकू गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. थिनर, त्याची जमिनीवर बसणारी वाफ, उघडा वाडगा, लोटलेलं दार. देव कोपला नव्हता, तिचा हात वाईट नव्हता.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "म्हंजे तुला हे बराबर ठाऊक व्हतं?"

"कामावर मीच शिकवतो."

"वरीसभर मी देवापुढं नाक घासलं," ती म्हणाली, "आन तू दर रविवारी माझ्याच हातचं जेवून गेलास."