मामाजींच्या पाठीवरचा चौकोन

नणंदेचं जमत आलेलं लग्न मी एकदा कात्रीनं मोडता मोडता राहिले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत ह्यांची बदली झाली आणि आम्ही मुरुडहून दोन खोल्यांत राहायला आलो. आत्याबाई म्हणजे सासूबाई, मामाजी म्हणजे सासरे, नणंद शोभा, आम्ही दोघं आणि पाणी. पाणी मुद्दाम मोजते, कारण त्या साली पाऊस पडलाच नव्हता. टँकर चार दिवसांनी यायचा. घागरी, पिंप, पातेली, डबे, सगळं भरून ठेवावं लागायचं. (पुरणाची चाळणी तेवढी रिकामी. तिचाही नाइलाज होता.)

त्यात आत्याबाईंचा पसारा. फाटकी लुगडी, तडकलेल्या कंदिलाच्या काचा, तीन पायांचं एक चार पायांचं स्टूल. पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा मी जाहीर केलं की वापरात नसलेलं काहीही घरात राहणार नाही. पण मी काही अगदीच दगड नव्हते. प्रत्येक जुन्या कपड्याचा तळहाताएवढा तुकडा कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा, त्या तुकड्यांची एक वाकळ शिवायची आणि बाकीचं बोहारणीला द्यायचं, असा माझा बेत. अडगळ जाईल, आठवण राहील! ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती शेजारणींनाही न विचारता सांगून आले.

नको असलेले कपडे अंगणातल्या बाजेवर टाका असं सगळ्यांना बजावून मी कात्री घेऊन बसले. आत्याबाईंच्या इरकलीचा काठ झाला, शोभाचं शाळेतलं परकर-पोलकं झालं, ह्यांचा सदरा झाला. मग मामाजींचा काळा कोट हाताला आला. डांबरगोळ्यांचा वास, कॉलर विरलेली, पाठ मात्र धडधाकट. मी पाठीच्या बरोबर मधोमध कात्री घातली. चौकोन इतका सुरेख निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि मी घागर घेऊन पळाले. परत येऊन बघते तर कोट बाजेवर नाही. बोहारीण येऊन गेली असेल असं मी धरून चालले. मामाजींनी तो फक्त ऊन दाखवायला ठेवला होता आणि पाठ न बघताच घडी घालून पिशवीत भरला होता, हे मला कळलं थेट रविवारी, उदगीरच्या बसस्टँडवर.

रविवारी तिथं शोभाच्या लग्नाची बोलणी होती आणि शोभासकट आम्ही सगळेच गेलो होतो. मुलाकडच्यांची धान्याची अडत, घर मोठं, माणसं मोजकं बोलणारी. पसंती झाली होती, होकार तेवढा यायचा होता. बसमधून उतरल्यावर मामाजींनी पिशवीतून कोट काढला, अंगात चढवला आणि ऐटीत पुढे निघाले. काळ्या पाठीवर आतल्या सदऱ्याचा पांढरा चौकोन. पाकिटाला तिकीट लावून टपालात टाकावं, तसे आमचे मामाजी चालले होते.

मी त्यांच्या पाठीला चिकटूनच चालू लागले. ते थांबले की मी त्यांच्यावर आदळायची. सुनेनं सासऱ्याच्या इतकं जवळून चालायचं असतं का, असं आत्याबाईंनी दोनदा सुनावलं. मी तिसऱ्यांदा आदळले.

मुलाच्या घरी मामाजी भिंतीला टेकून बसले, तेव्हा मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. ते जोडलेले असतानाच आतून मुलाचे आजोबा आले. मामाजी उठले आणि त्यांच्या पायाशी चांगले वाकले. सगळ्या बैठकीनं चौकोन पाहिला.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या की उंदरानं कुरतडला असेल.

मुलाच्या आईनं चष्मा लावून नीट बघितलं. "उंदीर एवढं सरळ कातरतोय व्हय?"

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. बाज, डबा, वाकळ, सगळं. शोभाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मामाजींनी हात मागे नेऊन पाठ चाचपली आणि हळूच म्हणाले, "माझ्या लग्नातला कोट हाय ह्यो." तेव्हा मला खरंच रडू आलं.

मुलाच्या आईनं विचारलं, "तुकडा कुठं हाय?"

"डब्यात."

"मग वाकळ झाली की पोरीसंगंच धाडून द्या."

हा होकार आहे हे आम्हाला लगेच कळलंच नाही. ह्यांना तर हातात पेढा पडल्यावर कळलं.

परतीच्या बसमध्ये मामाजी कोट मांडीवर घेऊन चौकोनाच्या कडा चाचपत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोट आणून माझ्यासमोर ठेवला. "आता बाकीचाबी घे. कडंला लाव."

लग्न टँकरच्या पाण्यावरच झालं. शोभा वाकळ घेऊन उदगीरला गेली. मधोमध काळा चौकोन, भोवती आम्ही सगळे आणि कडेनं मामाजींच्या बाह्या. घट्ट धरून ठेवल्यासारख्या.

आमच्या गल्लीत माझं नाव अजून आहे. मी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की आधी दारातल्या दोरीवरचे कपडे आत जातात, ओले असले तरी.