काला अंबच्या बसमधली यांची सीट

आमचे हे, शशिकांत, गाझियाबादला कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मी सातवी शिकलेली. मला एवढंच कळायचं की वाफ फार तापली तर नळ्या फुटतात, आणि थंड पडली तर पुढे टर्बाइनमध्ये पाणी जातं. वाफ चढायला लागली की हे तिच्यात पाण्याचा फवारा सोडायचे, पण जरा जरा. "लगेच नाही गं उतरत ती. उतावळा माणूस अजून पाणी सोडतो, मग उतरली की उतरतच जाते."

घरीपण तेच. मी भडकले की आधी चहा ठेवायचे, मग इकडचं तिकडचं बोलायचे.

"अहो, मी काय बॉयलर आहे?"

"छे, बॉयलरला निदान मीटर असतो."

माझी एकच हौस होती. संक्रांतीला दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईत पडलेल्या आपल्या माणसांना फुलं वाहायला. यांच्याबरोबर एकदा जायचं होतं. पण दरवेळी ड्युटी. गेल्या वर्षी सुट्टी मिळाली, बसमध्ये बसलोपण, आणि फोन आला. फवाऱ्याचा व्हॉल्व्ह अडकलाय, वाफ वर चाललीय, हाताने सांभाळायला कोणी नाही. हे उठले. "तू जा गं," म्हणाले. मी कशाला जाते एकटी? मीपण उतरले.

"पुढच्या वर्षी पक्का, यार." बायकोला यार म्हणायचे, दिल्लीची सवय.

दिवाळीच्या तोंडावर गेले. हार्ट अटॅक.

यंदा मंडळाच्या देवयानीताईंचा फोन आला, "अलका, सीट ठेवू ना तुझी?"

तोंडातून निघून गेलं, "दोन ठेवा."

त्या म्हणाल्या, "अच्छा, ठेवते."

आणि खरंच ठेवल्या. खिडकीची मी सोडली, यांना खिडकी लागते. तिथे गेल्यावर धुकं इतकं की स्मारकाचा खांबसुद्धा नीट दिसेना. फुलं वाहिली. मनात यांना सगळं सांगत होते, अहो, किती मोकळी जागा आहे, अहो, मफलर घ्यायला हवा होता तुम्ही.

परत निघालो तर देवयानीताई आपली सीट एका आजींना देऊन माझ्याशेजारी बसायला आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, मला माहीत आहे. तरी म्हटलं, "ताई, वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठ्याला थांबतो ना, तोवर यांची सीट राहू द्या."

"बिल्कुल," म्हणाल्या, आणि दांडी धरून उभ्या राहिल्या.