मधल्या जागेवरची पोरगी

अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. आश्रमशाळेचा मुलींचा फुटबॉलचा संघ आम्ही पोरींनीच बांधलेला, आवणीच्या रांगेसारखा. आमच्या साखरशेत गावात भात लावायला बायका चिखलात उतरल्या की सावकाश हाताची बाई दोन झपाट्याच्या बायकांच्या मधे घेतात. तिचं राहिलेलं बाजूच्या दोघी लावतात, मागं कुणी पडत नाही. आम्ही तेच केलं. वांगणीची माझी मैत्रीण धावायला मंद, तिला मधे ठेवली. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला मोखाड्याकडची एक चपळ पोरगी. मधली बॉल अडवायची आणि न बघताच ढकलायची. आम्ही तिथे असणार हे तिला ठाऊक. तालुक्याला असंच जिंकलो.

तिचे आईबाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. तिलाही नेणार होते. "संघात हाय तवर ऱ्हा शाळंत," एवढं बाप कबूल झालेला.

जिल्ह्याच्या सामन्याआधी शहरातून नवे सर आले. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, थाट विचारू नका! आल्या आल्या त्यांनी आमची वाटणी केली. तिघी हुशार, त्यात मी एक; बाकीच्या कच्च्या. "कच्च्यांनी डोकं लावायचं नाही. बॉल मिळाला की या तिघींना द्यायचा." आणि माझ्या मैत्रिणीला म्हणाले, "तू बाहेर बस. ओझं आहेस तू."

ओझं! हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या पोरीला ओझं म्हणतो हा माणूस!

मी म्हटलं, "सर, ती नसली तर आमची रांग मोडते."

"रांग? हे काय तुमचं शेत आहे का?"

सामन्यात पोरींनी सरांचा शब्द अगदी पाळला. बॉल आला की आमच्याकडेच. समोरच्यांनी ते लगेच ओळखलं आणि आम्हा तिघींना घेरलं. एकदा एका कच्च्या म्हटलेल्या पोरीच्या पायात बॉल, समोर गोल उघडा. ती मला शोधत थांबली. "मार ना गं बाय!" मी बोंबलले. तिने आधी सरांकडे बघितलं. तेवढ्यात बॉल गेला.

हरलो. सर म्हणाले, "कच्चा माल दिल्यावर दुसरं काय होणार!" चूक स्वतःची आणि खापर पोरींच्या डोक्यावर. लाज कशी वाटत नाही? वर मलाच बाजूला घेऊन म्हणतात, "तुझ्यात दम आहे, निवड शिबिराला ये."

दिवाळी झाली. माझी मैत्रीण भांड्याकुंड्यांसोबत भट्टीच्या ट्रकमध्ये चढली. "तू खेळ, बाय," एवढंच म्हणाली.

शिबिरात सगळ्याच हुशार पोरी. जिला तिला स्वतःलाच गोल मारायचा. मी बॉल घेऊन धावले आणि सवयीने मधे बघितलं. मधे कुणीच नव्हतं. मैदानाच्या कडेवरून सर ओरडले, "एकटीच काय पळतेस? पास दे!"

मी बॉल पायाखाली दाबून उभी राहिले.

"कुठं देऊ सर? भट्टीवर?"