उस्तादांची डावी बाजू

उस्तादांना वाईट गाडी चालवणाऱ्याची शिसारी यायची. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी मी आरशात न पाहता गाडी वळवली, तेव्हा ते खिडकीबाहेर थुंकले. "बेटा, ज्याले मागचं दिसत नाही त्यानं बैलगाडी हाकावं. बैल तरी पाहून चालते." वणीच्या कोळशाच्या ट्रकवर त्यांची हयात गेली. सुट्टी असली की गल्लीतल्या आम्हा बायकांना ते कार शिकवत.

मग ताडपत्री बांधताना ते ट्रकवरून पडले. डोक्याला मार लागला, नागपूरला ऑपरेशन झालं. काही महिन्यांत चालू-बोलू लागले, पण ताटात उजवीकडे असेल तेवढंच खायचे आणि बायकोवर, आमच्या चाचींवर, ओरडायचे, "भाजी काहून नाही वाढली?" भाजी डावीकडे निवत पडलेली असे. दाढीही एकाच गालाची. डोळे शाबूत होते; डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरला होता.

त्यांना पुन्हा ट्रकवर घ्यायला मालकाला डॉक्टरचा दाखला हवा होता. मी सोबत गेले. डॉक्टर समोसा खात होता. "चक्कर येते? फिट? नाही ना?" तेलकट बोटांनीच त्यानं शिक्का मारला. मी ऑपरेशनचे कागद पुढे केले, तर वर न पाहता म्हणाला, "मॅडम, स्वतःच्या पायांनी आले ना? मग चालवतील." मला त्या तेलकट शिक्क्याची किळस आली. उस्ताद मात्र खुशीत होते.

"आधी माझी कार चालवून दाखवा," मी म्हटलं. बंद खाणीजवळच्या मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे रिकामे डबे मांडले. उस्तादांनी ऐटीत गाडी मधून काढली. डावीकडचे सगळे डबे चेपले.

"पाह्यलं? एकालेबी धक्का नाही."

"मग आवाज कशाचा आला?"

"खडी वाजली असन."

मी त्यांना खाली उतरवलं, खांद्याला धरून डावीकडे वळवलं. त्यांनी एक चेपलेला डबा उचलून पाहिला. मग म्हणाले, "इथं माणूस असता तं?"

दुसऱ्या दिवशी तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. दाखला टेबलावर ठेवला. "साहेब, हे वापस घ्या. मले डावीकडचं समजून नाही राह्यलं."

डॉक्टर हसला. "लोक दाखल्यासाठी पाया पडतात, आणि तुम्ही परत करता?"

"तुमी मले पाह्यलंच कुठं? तुमच्या घरच्याईले माह्या टरकापुढून चालू द्यान काय?"

डॉक्टरनं पुढच्या माणसाला हाक मारली.

मालकानं आठवड्याभरात दुसरा ड्रायव्हर ठेवला. उस्ताद आणि चाची महागावला मुलीकडे राहायला निघाले. एसटीत बसल्यावर ते माझ्याकडे न पाहता बोलले, "त्यानं मले पास केलं, तं त्याची घीण येते. तू नापास केलं, तं तुहा राग येते. पण घरी येत जाजो."

मी जात राहिले. गेल्या ईदला त्यांनी स्वतःच्या हातानं शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा कळलं, राग गेला. माझी घीण मात्र गेली नाही. त्या दवाखान्यापुढे ड्रायव्हरांची रांग अजून तशीच असते, आणि आतून शिक्का मारल्याचा आवाज येत असतो.