फणीच्या पाठीवरची पानं

"थांबा वैनी, ठसा बघू!" म्हणत आमचे शेजारी खिशातून मेणाचा गोळा काढायचे आणि हाती लागेल ते त्यावर दाबायचे. बिस्किट, बटण, एकदा तर मी आणलेल्या फणसाची साल. तारापुरात हाताने डाय कोरणाऱ्यांपैकी उरलेले ते एक. डाय म्हणजे सोन्याच्या पत्र्यावर नक्षी उठवायचा पोलादी ठसा. तुमच्याही गल्लीत असा माणूस असेल, ज्याचं काम संपत आल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यालाही.

गेल्या वर्षी मी महिला मंडळाची मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयाची सहल ठरवली. एकेचाळीस नावं, पाण्याचे चार कॅन, उलटीच्या गोळ्या, सगळं यादीत. आदल्या दिवशी एक जागा रिकामी झाली, तर हे शेजारी दारात.

"मला न्या. व्यापारी बोलला, पंधरा दिवसांत बांगडीची नवी नक्षी दाखव, नायतर काम बंद. माझ्या डोक्यात आता कायच येत नाय."

मी नाव लिहिलं.

तिथे बायका दागिन्यांच्या कपाटाशी आणि हे एका जुन्या लाकडी फणीसमोर. अर्ध्या तासाने मी ओढायला गेले.

"हिच्या पाठीवरची पानं बघा. एक दुसऱ्याला टेकलंय, पन दाबत नाय."

हात खिशाकडे गेला.

"काका, मध्ये काच आहे!"

"म्हाईत हाय," ते ओशाळले आणि पेनाने तळहातावर पानं काढू लागले. परतताना मनोरला सगळ्या वड्यांवर तुटून पडल्या. यांनी हात धुवावा लागेल म्हणून वडा घेतला नाही.

बाराव्या दिवशी ती पानं पितळेवर उतरली. रीत अशी, की नमुन्याचा मेणावर ठसा घ्यायचा, काडेपेटीत घालून व्यापाऱ्याकडे द्यायचा आणि पसंती आली की पोलाद कोरायचं. कागद नाही, सही नाही.

"आधी लेखी ऑर्डर घ्या," मी म्हटलं.

"जल्मभर ठसाच दिला. आता कागद मागितला तर त्याला वाईट वाटंल."

काडेपेटी गेली. व्यापाऱ्याचा फोन आलाच नाही. रोज संध्याकाळी विचारायचे, "माझा फोन बिघडलाय काय, बघा जरा." मी माझ्या फोनवरून लावून पाहायची. वाजायचा.

दोन महिन्यांनी बोईसरच्या एका दुकानात मला त्याच पानांची बांगडी दिसली. मी यांना घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं.

"मशीनवर केलीय." मग भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "हे पान वाकडं हाय. त्या दिवशी हात हलला माझा. पोलादात सरळ करनार होतो. यांनी तेपन उचललंय."

"काका, पॅक करू?" दुकानातली मुलगी म्हणाली.

"नको, बाय."

आठवड्याभरात यांनी बोलावलेला भंगारवाल्याचा टेम्पो आला. कामाचा लोखंडी ठोकळा दोन माणसांना उचलेना. "सरका, मी एकटा फिरवायचो," म्हणत हे वाकले. ठोकळा हलला नाही आणि यांनाही सरळ होता येईना. मी धरायला गेले, तर तिथेच ठोकळ्यावर बसले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दोन्ही माणसं बाजूला झाली. उठा, असं कोणी म्हणेना.