मोठ्या बाईंकडे शिकायचं राहिलं

अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाई कुणालाही शाबासकी देत नसत. टाक्याची गाठ नीट बसली, तर दोरा कापायला कात्री पुढे करायच्या. नाही बसली, तर सोडवून पुन्हा मारायला लावायच्या. मी नवी डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकायला आलेली. पहिला महिनाभर मी खुर्चीच्या दांडीलाच गाठी मारल्या. “डोये मिट,” त्या म्हणायच्या, “बोटाईले पाहू दे.”

बाई धामणगावच्या. पाहुण्या डॉक्टरांशी शुद्ध बोलत, पण ऑपरेशनला उभ्या राहिल्या की वऱ्हाडीच. सहा महिन्यांत एक तरी सिझेरियन तुझ्या हातानं करून घेईन, असा शब्द त्यांनी मला दिला होता.

मग सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. खाटा व्हरांड्यापर्यंत लागल्या, निम्म्या नर्सेस आजारी पडल्या. थांबण्यासारखी ऑपरेशनं थांबली. उरलेली बाई स्वतःच भराभर उरकत. शिकवत करायचं तर दुप्पट वेळ लागतो. मला तापाच्या वॉर्डात लावलं. एकदा भीत भीत विचारलं, माझ्या सिझेरियनचं काय? त्यांच्याही अंगात ताप होता. भिंतीला टेकून चहा घेत त्या म्हणाल्या, “मले काहून विचारतं? तापाले विचार.”

साथ ओसरेपर्यंत माझी मुदत संपली. दाखल्यावर मात्र शस्त्रक्रियेचा सहा महिन्यांचा अनुभव लिहिला होता. खाली बाईंची सही.

त्या दाखल्यावर मला धारणीच्या सरकारी दवाखान्यात नेमलं. पुढच्या उन्हाळ्यात एक कोरकू बाई आली, दोन दिवसांची अडलेली. कपाटात हत्यारं होती, कंपाउंडर क्लोरोफॉर्म द्यायला तयार होता. तिची सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सुरी उचलली आणि परत ठेवली. तिला जीपमध्ये घालून आम्ही अमरावतीला निघालो. घाटातच ती गेली. बाळ पोटातच राहिलं.

मी अकोल्याला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. कळा कधीपासून होत्या, एवढंच त्यांनी विचारलं. 

“चूक तुई नाई,” त्या म्हणाल्या. “तुले शिकवलं नाई, अन् सही केली. सोमवारी ये. माह्यासमोर उभी राहून सिझेरियन कर.”

मी गेले नाही. सोमवारी अमरावतीच्या स्टँडवर उभी होते. अकोल्याची बस लागली, भरली आणि सुटली. पुढे मी लसीकरणाचं काम मागून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

बाई पासष्ट सालाच्या सुमारास वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची जुनी नर्स भेटली. तिनं सांगितलं, त्या सोमवारी बाई हात धुऊन, हातमोजे चढवून तासभर दाराकडे बघत उभ्या होत्या. कुणाला ऑपरेशन सुरूही करू देईनात.