काट्याला लावलेला पाय

“तोंडाने नको, पायाला सांगू दे.”

दारव्ह्याच्या दवाखान्यात दुखऱ्या हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या मॅडमकडे तुम्ही कोणी गेला असाल, तर हे ऐकलंच असेल. आपण दुखणं सांगत असायचो आणि त्यांची दोन बोटं पायावरून फिरत असायची.

माझी नात सोनू कबड्डीत चढाई करते. बोनसच्या रेषेपलीकडे पाय लांबवताना तिच्या डाव्या मांडीमागे कट्‌ झालं. मॅडम म्हणाल्या, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटला आहे. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, पण कबड्डी तीस वर्षं शिकवली. आम्ही मांडीला दुपट्टा आवळून खेळत होतो. मला कोणी फाटलं-तुटलं सांगायचं नाही.

महिनाभरात पोरगी पळू लागली, दुखणंही गेलं. जिल्ह्याची फायनल आठ दिवसांवर, समोर वणीचा संघ. आणि मॅडम म्हणतात, खेळायचं नाही!

मी सहज विचारलं, “तुमचं माहेर कोणतं जी?”

“वणी.”

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

शिवाय त्यांची तपासणी कशावर, तर कापूस तोलायच्या लटकत्या स्प्रिंगकाट्यावर! काटा खिडकीच्या गजाला अडकवायचा, पोरीला पालथं झोपवायचं, घोट्याला पट्टा बांधायचा आणि टाच ओढायला लावायची. उजवा पाय अठरा किलो ओढे, डावा तेरा. आता मारलेले काटे मी जन्मभर पाहत आलो. दुसऱ्या दिवशी घरचं पाच किलोचं लोखंडी वजन पिशवीत घालून गेलो.

“आजोबा, हे काय?”

“काटा पाहून राह्यलो तुमचा.”

सोनू शरमेने भिंतीकडे वळली. “आबाजी, घरी चला ना!”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काटा काढून माझ्या हातात दिला. वजन लावलं. पाच. पुन्हा लावलं. पाच.

“उजव्यानं थकत असन पोरगी. डावा आधी लावा.”

लावला. तेराच.

“मले दुखत नाही न पण!” सोनू रडकुंडीला आली.

“दुखत नाही म्हणून तर तू पूर्ण वेगात वळशील. पुन्हा फाटला तर वर्ष जाईल.”

मी बोललोच, “म्हणजे तुमची वणी जिंकन.”

मॅडम पट्टा सोडत म्हणाल्या, “जिंकू द्या, आजोबा. पोरगी कोणाची आहे?”

फायनल दोन गुणांनी गेली. पारावर एकजण म्हणाला, “वणीच्या बाईनं बसवली पोरीले.”

“काटा म्या तपासला,” मी म्हणालो. “माझ्या वजनानं.”

मॅडमना हे कधी सांगितलं नाही. कायले सांगावं?

पुढे सोनू रोज गुडघ्यांवर उभी राहून सावकाश पुढे झुके, मॅडम तिचे घोटे दाबून धरत. दोन्ही पाय काट्यावर सारखे आले तरी त्यांचा विश्वास बसेना. आधी सरळ धाव, मग एकदम वळण, मग सरावातली पकड. शेवटी खेळायला सोडलं, त्या दिवशी स्वतः मैदानावर आल्या. सोनूने दोन गडी टिपले, लोक ओरडले. मॅडम तिच्या डाव्या पायाकडे पाहत होत्या.

दवाखान्याशी असलेला मॅडमचा करार संपला, त्या गेल्या. वणीला की आणखी कुठे, मी विचारलं नाही.

परवा सोनूची चढाई झाली. शेजारच्याने विचारलं, “किती मारले जी पोरीनं?”

मला सांगता येईना. मी पायाकडे पाहत होतो.